फोनवर सांगता येईल असा ‘आओ’

जपानी माणूस फोनवर नाव सांगतो तेव्हा नुसतं नाव सांगून भागत नाही. एकाच उच्चाराच्या अनेक कांजी, म्हणजे चिनीतून आलेली जपानी लिपीतली अर्थवाही अक्षरं, असतात. त्यातली नेमकी कुठली, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. मग तो म्हणतो, ‘आओझोरा नो आओ देसु’. निळ्या आकाशातला आओ, म्हणजे ‘निळा’ची कांजी. किंवा ‘सान्झुइ नि आओ’, म्हणजे डावीकडे पाण्याची खूण आणि तिच्या शेजारी आओ. पलीकडून ‘हाइ’, म्हणजे हो, येतं आणि कागदावर बरोबर तीच कांजी उतरते.

चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी होते तेव्हा असले संवाद सतत कानावर पडायचे. आता पुण्यात घरीच रविवारचे वर्ग घेते आणि विद्यार्थ्यांना हीच फूटपट्टी लावते. कांजी तोंडी सांगता आली तर आली. पाहून ओळखता येते, फ्लॅशकार्डवर उत्तर बरोबर येतं, हे सगळं त्याच्या अलीकडचं.

म्हणून इथे एकही कांजी छापलेली दिसणार नाही. मी सांगते, तुम्ही काढा. काढून झाल्यावर फोनच्या जपानी कीबोर्डवर ‘आओ’ टाइप करा आणि ताडून बघा. आधी बघायचं नाही. हिरागाना, म्हणजे जपानीची उच्चारानुसार लिहायची साधी लिपी, येत असला तर बरं, बाकी काहीही यायची गरज नाही.

रंगांमधून आओच का निवडला, हे थोडक्यात सांगते. जपानी मुलं पहिलीत ८० कांजी शिकतात, त्यात रंग तीनच: तांबडा आका, पांढरा शिरो आणि हा आओ. काळा, पिवळा आणि चहाचा तपकिरी दुसरीत येतात, हिरवा मिदोरी तर थेट तिसरीत. पहिलीतल्या तिघांत शिरो सोपा आहे, पाच रेघांत संपतो. आओला आठ लागतात. पण त्या आठ रेघा पुढे इतक्या कांजींमध्ये जशाच्या तशा भेटतात की एकदा हात बसला की पुढची बरीच मेहनत वाचते. त्याबद्दल शेवटी सांगेन.

वही

जपानी मुलांच्या सरावाच्या वहीत मोठा चौकोन असतो आणि त्याच्या मधोमध तुटक रेषांची फुली, एक उभी आणि एक आडवी. तशी वही शोधत फिरू नका. स्टेशनरीच्या दुकानात गणिताची चौकटीची वही मिळते, तिच्यातले दोन आडवे आणि दोन उभे असे चार चौकोन मिळून एक घर धरा. मधली फुली आपोआप मिळते. पेन्सिल हवी, बॉलपेन नको. पेन्सिलीत दाब कळतो, आणि रेघ कुठे थांबली, कुठे उडाली हे नंतर बघता येतं.

आठ रेघा

घराच्या वरच्या अर्ध्यात चार रेघा, खालच्या अर्ध्यात चार.

पहिली रेघ आडवी, डावीकडून उजवीकडे, घराच्या वरच्या कडेपासून थोडी खाली. लांबी मध्यम. दुसरी रेघ उभी. ती पहिल्या रेघेच्या वर सुरू होते, तिला मधोमध छेदते आणि मधल्या उभ्या रेषेवरून खाली येते. तिसरी पुन्हा आडवी, पहिलीपेक्षा किंचित आखूड, उभीला छेदणारी. चौथी आडवी, आणि सगळ्या कांजीत सर्वांत लांब. उभी रेघ या चौथीवर येऊन थांबते, तिच्या खाली डोकावत नाही.

उभी रेघ दुसरी आहे, तिसरी नाही, हे लक्षात ठेवा. चीनमध्ये हेच अक्षर दोन आडव्या, मग उभी, मग तिसरी आडवी असं लिहितात. जपानी शाळांत एक आडवी, मग उभी, मग दोन आडव्या. इंटरनेटवर मिळणाऱ्या रेघांच्या व्हिडिओंपैकी बरेच चिनी शिकणाऱ्यांसाठी केलेले असतात, आणि अक्षर दिसायला तेच असल्यामुळे फरक लक्षात येत नाही. ‘क्रम चुकला तर काय बिघडतं, दिसतं तर तसंच’, असं वर्गात कुणीतरी विचारतंच. बिघडतं ते पुढे. घाईत लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात, आणि कुठली कुणाला जोडली जाते हे क्रमावर ठरतं. उलट्या क्रमानं लिहिणाऱ्याची घाईची अक्षरं जपानी माणसाला वाचताना अडखळवतात, आणि जपानी माणसाचं घाईचं अक्षर आपल्याला उलगडत नाही.

आता खालचा अर्धा. पाचवी रेघ उभी, डावीकडची, सरळ खाली जाऊन थांबणारी. सहावी पाचवीच्या माथ्यापासून निघते, आडवी उजवीकडे जाते, काटकोनात वळून खाली येते आणि टोकाला आत, डावीकडे वर, छोटा झटका देते. ही एकच रेघ आहे, वळणावर पेन्सिल उचलायची नाही. सातवी आणि आठवी म्हणजे आतल्या दोन लहान आडव्या रेघा. तळ मोकळा सोडायचा. पेटी बंद केलीत की ती कांजी राहत नाही.

चंद्राची ‘त्सुकि’ ही कांजी येत असेल तर म्हणाल, खाली चंद्रच आहे की. बहुतेक तसाच आहे, पण चंद्राची डावी रेघ खाली येता येता बाहेर डावीकडे झुकते आणि निमुळती होत जाते. आओच्या पोटातली सरळ उतरते आणि ठामपणे थांबते. या तीन शेवटांना जपानीत नावं आहेत: थांबणं म्हणजे तोमे, झटका म्हणजे हाने, निमुळतं सोडणं म्हणजे हाराइ. आओमध्ये हाराइ एकही नाही. सहाव्या रेघेला हाने, बाकी सगळीकडे तोमे. फोनवर कांजी सांगताना हे कुणी सांगत नाही, पण हाताला माहीत असावं लागतं.

देवनागरी लिहिणाऱ्या हातांची एक सवय मला दर नव्या बॅचमध्ये दिसते. आपण शिरोरेखा सपाट, पट्टीनं ओढल्यासारखी काढतो आणि अक्षर तिच्याखाली लटकवतो. तोच हात आओला लावला की पहिली आडवी रेघ फार लांब होते, चौथी तिच्याइतकीच, आणि खालची पेटी रुंद होऊन चौथीच्या बाहेर येते. कांजीत भार खाली असतो. आडव्या रेघा उजवीकडे जाताना किंचित वर चढतात, अगदी थोड्या, आणि पेटी चौथ्या रेघेपेक्षा स्पष्टपणे अरुंद असते. आडव्या रेघांमधली अंतरं मात्र सारखी ठेवा. अक्षर देखणं दिसतं ते बहुतांशी त्या अंतरांमुळे.

आता फोन उघडा आणि बघा. कीबोर्ड ‘आओ’ला दोन-तीन कांजी सुचवेल. गवताची खूण डोक्यावर असलेली एक आणि दगड पायाशी असलेली एक, या कवितेत आणि माणसांच्या नावांत येतात, त्यांना आत्ता सोडून द्या. आठ रेघांची ती आपली.

पान भरभरून गिरवत बसू नका. गिरवताना चौथ्या-पाचव्या वेळेनंतर डोकं सुट्टीवर जातं आणि हात वरच्या घरातलं बघून नक्कल करत राहतो. पाच वेळा काढा, वही मिटा. दुसऱ्या दिवशी न बघता दोनदा काढा. मग आठवड्यानं एकदा. काढताना तोंडानं म्हणा: आडवी, उभी, आडवी, लांब आडवी, उभी, वळण, एक, दोन. शेजारचे हसले तरी चालेल.

चंद्राची गोष्ट

कांजी लक्षात ठेवायला गोष्टी रचायची पद्धत लोकप्रिय आहे, आणि आओसाठी बहुतेक गोष्टींत चंद्र असतो. गोष्ट रचायला माझी हरकत नाही. फक्त ती खरी समजू नका. इ.स. १००च्या सुमारास शू शेन या चिनी पंडितानं अक्षरांचा कोश केला, त्यात या अक्षराचा अर्थ ‘पूर्व दिशेचा रंग’ असा दिलेला आहे, आणि वरचा भाग ‘उगवणे’ या अक्षराचा तर खालचा एका खनिज रंगाच्या अक्षराचा, अशी फोड केली आहे. त्या खालच्या भागाचं रूप शतकांच्या ओघात बदलत चंद्रासारखं झालं. वरच्या भागात मात्र ‘उगवणे’ अजून ओळखू येतं. ज्यांना ‘इकिरु’ म्हणजे जगणे, ‘गाकुसेइ’तला सेइ, ही कांजी माहीत आहे त्यांनी तिची डावीकडची पहिली तिरकी रेघ काढून टाकावी. उरते ती आओची वरची बाजू, रेघांच्या क्रमासकट. मला ही जोड कुठल्याही चंद्राच्या गोष्टीपेक्षा उपयोगी वाटते.

शब्द

पुस्तकात कांजीखाली उच्चारांची यादी असते: आओ, आओइ, सेइ, श्यो. ती पाठ करू नका. उच्चार सुटा लक्षात राहत नाही, शब्दात बसला की राहतो. मी सात शब्द देते, सातही वहीत वाक्यासकट लिहा.

आओइ, हे विशेषण. ‘सोरा गा आओइ’, आकाश निळं आहे. इथे कांजीनंतर हिरागानाचा ‘इ’ लावतात. उच्चार आ-ओ-इ असा तीन ठोक्यांचा करा. मराठी जीभ ‘आओ’चं पटकन ‘आव’ करून टाकते, तेवढं सांभाळा. सूर आओमध्ये ‘आ’वर उंच असतो, आओइमध्ये ‘ओ’वर.

आओझोरा, निळं आकाश. सोरा जोडशब्दात दुसरा आला की झोरा होतो. फोनवरची ओळख हीच, म्हणून हा शब्द झोपेतही यायला हवा.

आओशिन्गो, सिग्नलचा हिरवा दिवा. याच्याकडे पुन्हा येते.

मास्साओ, निळंशार किंवा भीतीनं पांढरा पडलेला. यात मध्येच ‘सा’ येतो, आओचा साओ होतो, आणि यादी पाठ केलेले लोक नेमके इथे गोंधळतात. उच्चारातला जोडाक्षराचा ठोका आपल्याला जड नाही, पक्का-गच्ची म्हणणाऱ्यांना काय अडचण. अर्थ मात्र नीट घ्या. ‘काओ गा मास्साओ देसु यो’ असं कुणी म्हणालं तर तुमचा चेहरा पांढराफटक पडला आहे, बसा, पाणी प्या, असं त्याला म्हणायचं असतं.

सेइनेन, तरुण माणूस. लिहिताना से-इ, बोलताना ‘सेऽ’ असा लांब ए. जपान सरकारची १९६५पासून चालत आलेली एक योजना तरुण स्वयंसेवकांना परदेशात पाठवते, तिच्या जपानी नावाची सुरुवात याच शब्दानं होते.

सेइशुन, तारुण्याचा काळ, शब्दशः आओ आणि वसंत. शू शेनचा ‘पूर्वेचा रंग’ इथे कामाला येतो. जुन्या चिनी मांडणीत पूर्व, वसंत आणि आओ एका ओळीत येतात. नारा प्रांतातल्या आसुका इथलं ताकामात्सुझुका थडगं १९७२मध्ये उघडलं तेव्हा पूर्वेच्या भिंतीवर सेइर्यू, म्हणजे आओ ड्रॅगन, रंगवलेला सापडला. पश्चिमेला पांढरा वाघ होता. आजच्या जपानमध्ये हा शब्द तुम्हाला बहुधा रेल्वे स्टेशनावर भेटेल. लोकल गाड्यांनी देशभर स्वस्तात फिरायच्या तिकिटाचं नाव ‘सेइशुन जूहाचि किप्पु’ आहे. जूहाचि म्हणजे अठरा, पण वयाची अट अजिबात नाही. साठीतले लोकही खुशाल घेतात.

आओमोरी, होन्शू बेटाच्या उत्तर टोकाचा प्रांत. मोरी म्हणजे वन. जपानमध्ये सफरचंदं सर्वांत जास्त तिथे होतात. मोरीची कांजी म्हणजे झाडाची कांजी तीनदा, एक वर आणि दोन खाली, तीही याच निमित्तानं होऊन जाईल.

फ्लॅशकार्डचं अ‍ॅप वापरत असाल तर पुढच्या बाजूला नुसती कांजी ठेवू नका. शब्द ठेवा, जमलं तर वाक्य ठेवा. आणि एक कार्ड उलटं करा: पुढे ‘आओझोरा नो आओ’ हिरागानात, मागे कांजी. ते आलं की कागदावर काढायचं, मनातल्या मनात नाही.

निळा की हिरवा

हे विचारल्याशिवाय एकही बॅच पुढे सरकत नाही. उत्तर लांबवण्यासारखं नाही. आओचा मुख्य अर्थ निळा. पण सिग्नलचा हिरवा दिवा आओ, हिरवं सफरचंद आओरिन्गो, झाडांची ताजी पानं आओबा, कच्चं फळ आओइ, आणि अननुभवी माणूसही आओइ. बाकी हिरव्याला मिदोरी. साडी हिरवी असेल तर मिदोरी, भिंत हिरवी असेल तर मिदोरी. आओ कुठे वापरायचा याचा नियम शोधू नका, ठरलेले थोडे शब्द आहेत, ते शब्द म्हणूनच शिका.

सिग्नलची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. जपानचा पहिला स्वयंचलित सिग्नल १९३०मध्ये तोक्योच्या हिबिया चौकात बसला. नियमांत त्या दिव्याला हिरवाच म्हटलं होतं. लोक त्याला आओ म्हणू लागले, आणि म्हणतच राहिले. शेवटी १९४७च्या कायद्यानं लोकांचाच शब्द घेतला. म्हणून रस्ता ओलांडताना ‘शिन्गो गा आओ नि नात्ता’, सिग्नल हिरवा झाला, असं म्हणायचं. मिदोरी म्हटलंत तर समजतील, पण वळून बघतील.

माझ्या वर्गात एक काकू आहेत, लेक-जावई योकोहामाला, नातवंडं सांभाळायला जायची तयारी म्हणून शिकतात. लेकीचा पत्ता मिदोरी-कु मधला, कु म्हणजे शहराचा वॉर्ड. नकाशात शेजारी आओबा-कु दिसलं आणि त्या म्हणाल्या, ‘सेन्सेइ, एकच नाव दोनदा का हो?’ आओबा-कु १९९४मध्ये त्या भागातल्या वॉर्डांची फेररचना करून निघाला, म्हणून हिरवा वॉर्ड आणि हिरव्या पानांचा वॉर्ड शेजारी शेजारी नांदतात. दोन्ही कांजी पत्त्यात वेगळ्या, पार्सल चुकीच्या वॉर्डात जाऊ नये एवढ्यासाठी तरी काकूंनी आओ पक्का केला.

व्याकरणाची एक गोष्ट इथेच उरकते. जपानीत फक्त चार रंगांना थेट ‘इ’ लावून विशेषण होतं: आकाइ, आओइ, शिरोइ, कुरोइ. पिवळा आणि तपकिरी यांना आधी ‘इरो’ जोडावा लागतो, किइरोइ, चाइरोइ. मिदोरीला ‘इ’ लागतच नाही, ‘मिदोरी नो साडी’ असंच. ‘मिदोरीइ’ असं ऐकलं की मी खडू खाली ठेवते.

सारख्या दिसणाऱ्या

आओचा वरचा अर्धा इतर अनेक कांजींच्या माथ्यावर बसतो. गव्हाची मुगि, विषाची दोकु, दोष देण्याची सेमेरु, पृष्ठभागाची ओमोते. खालचा अर्धाही एकट्याचा नाही, पाठ, पोटातलं जठर, हाड या शरीराच्या कांजींत खाली तीच पेटी असते. तेव्हा ‘वरून ओळखली’ किंवा ‘खालून ओळखली’ असं चालत नाही, दोन्ही अर्धे बघायचे. सर्वांत जास्त घोटाळा सेमेरुशी होतो. तिच्या खाली शिंपल्याची कांजी असते: पेटी बंद, आणि तिला दोन पाय. आओला पाय नाहीत. वहीच्या एका ओळीत आओ, सेमेरु, मुगि अशा तिघी लिहा आणि खाली हिरागाना. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत पर्याय असेच जवळजवळचे देतात.

परीक्षेचं निघालंच आहे तर: जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्याच्या केंद्रावर गर्दी करणाऱ्यांना ठाऊक असेलच की त्या परीक्षेत हातानं काही लिहायचं नसतं, गोल काळे करायचे असतात. म्हणून ‘लिहायला कशाला शिकू’ हा प्रश्न येतो. माझं मत ठाम आहे: पहिल्या शंभरेक कांजी तरी हातानं लिहा, पुढे वाटलं तर सोडा. शंभर लिहिल्यावर कांजी कुठल्या तुकड्यांची बनते हे डोळ्याला दिसायला लागतं, आणि तेच हवं असतं. शिवाय २०१०च्या बदलानंतर परीक्षेची कांजींची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. ‘एन-५ची’, म्हणजे सर्वांत सोप्या पातळीची, ‘अधिकृत यादी’ म्हणून जे विकतात तो अंदाज असतो. चांगला असू शकतो, पण अंदाज.

सेइ घराणं

आता आठ रेघांचं व्याज. आओ दुसऱ्या कांजीत उजवीकडे जाऊन बसला की तो बहुतेक वेळा रंग सांगत नाही, उच्चार सांगतो: सेइ. डावीकडचा तुकडा विषय सांगतो. आओ हे आडनाव समजा आणि डावीकडचं ते पाळण्यातलं नाव. फोनवर नेमकं हेच सांगतात.

डावीकडच्या तुकड्यांना हेन म्हणतात आणि प्रत्येकाला नाव आहे. नावं पाठ हवीत, नाहीतर तोंडी सांगणार काय?

हिहेन, सूर्य. ‘हिहेन नि आओ’ म्हणजे हारेरु, आकाश निवळणे. हवामानाच्या बातमीत काइसेइ म्हणजे निरभ्र, त्यातला सेइ हाच. इथे योगायोगानं अर्थही जुळतो, म्हणून आओनंतर लगेच हीच घ्या. जपानी मुलांना दुसरीत असते.

सान्झुइ, पाणी, तीन छोट्या रेघा. ‘सान्झुइ नि आओ’ म्हणजे कियोइ, निर्मळ. क्योतोच्या कियोमिझु मंदिराच्या नावातली पहिली कांजी. शिमिझु या आडनावातही हीच कांजी असते. उच्चार तिसराच, पण फोनवर सान्झुइ नि आओ म्हटलं की काम होतं.

कोमेहेन, तांदूळ. सेइमाइ म्हणजे तांदूळ सडून पांढरा करणं, आणि सेइशिन म्हणजे मन. सडणं आणि मन एका कांजीत कसे, हे विचारत बसू नका. कोंडा काढून राहिलेलं सार, एवढं पुरे.

गोन्बेन, बोलणं. एकटी कमी दिसते, पण शिन्सेइ म्हणजे अर्ज, आणि जपानला शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या माणसाला व्हिसाच्या कागदांपासून हा शब्द सोडत नाही. फॉर्मच्या शीर्षकातली शेवटून दुसरी कांजी बघा, बहुतेक ‘शिन्सेइशो’ असेल.

रिश्शिन्बेन, उभं केलेलं मन. कान्जो म्हणजे भावना, त्यातला ‘जो’ हाच. हा घराण्यातला फितूर, सेइऐवजी बहुतेक ठिकाणी ‘जो’ म्हणतो. सुरुवातीला याला हात लावू नका.

शिझुका, शांत, ही उलटी बसते: आओ डावीकडे आणि उजवीकडे ‘भांडणे’ची कांजी. शिझुओका प्रांताच्या नावातली पहिली. आओ डावीकडे गेला की अरुंद होतो, चौथी लांब रेघ आखडती घ्यावी लागते, नाहीतर उजवीकडच्याला जागा उरत नाही. उजवीकडे बसतानाही तो थोडा सडपातळ होतो, पण इतका नाही.

क्रम असा ठेवा: हारेरु, कियोइ, मग शिझुका. शिन्सेइ कागदपत्रं सुरू झाली की आपोआप येईल. प्रत्येक नवी कांजी मित्राला फोन करून तोंडी सांगा, चित्र पाठवायचं नाही. त्यानं लिहून फोटो पाठवावा. चुकीची आली तर तुमचं वर्णन कुठे सैल होतं ते त्याला विचारा.

आणि एक उओहेन, मासा. ‘उओहेन नि आओ’ म्हणजे साबा, आपल्या बांगड्याचा भाऊबंद. पाठ निळसर, चमकणारी, तिथे आओ रंगासाठीही शोभतो. जपान सरकारनं रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या २,१३६ कांजींत ती नाही, परीक्षेतही विचारणार नाहीत. पण सुशीच्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या पाट्यांमध्ये ती असते, आणि मासे खाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ती हारेरुच्याही आधी शिकवते.